‘विकत घेतले’ म्हणजे काय? : संगणकीय खेळांवरील कुलपे आणि ग्राहकांची तक्रार

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षातील एका कपाटात दहा सीडी गेली काही वर्षे पडून आहेत. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून त्या आम्ही घेतल्या होत्या. मुलांना भूगोलाची गोडी लागावी अशा रीतीने रचलेला तो एक संगणकीय खेळ होता. मुलांनी त्यात गलबते हाकारावयाची, वारे आणि प्रवाह ओळखावयाचे, बंदरे गाठावयाची आणि मालाची देवघेव करावयाची. पाचवी ते सातवीच्या मुलांना तो इतका आवडला की मधल्या सुट्टीतही ती कक्षाच्या दाराशी येऊन उभी राहत. पुढे एका पावसाळ्यात विजेचा दाब एकाएकी वाढून आमचे सहा संगणक निकामी झाले. ते दुरुस्त होऊन आले. परंतु त्यांचे मुख्य भाग बदललेले असल्यामुळे त्या खेळाच्या लेखी ती सर्वस्वी नवी यंत्रे ठरली. प्रत्येक प्रत किती वेळा यंत्रावर सुरू करून घ्यावयाची यास मर्यादा होती आणि ती संपली होती. आम्ही पावतीच्या नकलेसह पत्र धाडले. उत्तर आले ते एवढेच, की नव्या प्रती खरेदी कराव्यात.

पुढच्याच आठवड्यात सातवीतील एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आमच्या खोलीत आला. ‘सर, ह्यात तोच खेळ आहे. लॉक काढलेला. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतो,’ तो म्हणाला. ती प्रत चोरीची आहे, ती आपल्याला घेता यावयाची नाही, असे सांगून आम्ही त्याला परत पाठविले. तो निघाला, पण दारातून वळून त्याने विचारले, ‘पण सर, आपण तर पैसे दिलेत ना?’ त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. ते शोधता शोधता जी माहिती हाती आली, ती येथे मांडीत आहोत.

साहित्यसंस्थेच्या नियतकालिकात संगणकावरील खेळांचा विषय कशास, असे काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते त्यास दोन कारणे आहेत. या सर्व वादाच्या मुळाशी ‘विकत घेणे’ हा एक साधा शब्द आहे आणि शब्दाचा अर्थ पालटत असेल तर त्याकडे लक्ष पुरविणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, हे एक. दुसरे असे की, जी कुलपे प्रथम खेळांवर आली तीच आता पुस्तकांवर येऊन पोहोचली आहेत.

हे कुलूप का निर्माण झाले, हे आधी समजून घेणे न्याय्य होईल. संगणकावरील खेळ म्हणजे अखेर आज्ञांची एक संहिता. ती लिहिण्यास पुष्कळ माणसांचे कित्येक महिन्यांचे, कधी कधी अनेक वर्षांचे श्रम लागतात. तिची नक्कल मात्र काही क्षणांत आणि जवळजवळ फुकट होते. पुस्तकाची हाताने नक्कल करावयाची तर महिना लागेल आणि ती मूळ प्रतीइतकी नीटस होणारही नाही. संहितेची नक्कल मुळाहून यत्किंचितही कमी प्रतीची नसते. यामुळे रचनाकाराचे नुकसान होते, ही तक्रार या धंद्याइतकीच जुनी आहे. घरगुती संगणक नुकतेच येऊ लागले होते, त्या काळात, १९७६ साली, बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींस एक अनावृत पत्र लिहिले होते. आमची संहिता वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती विकत घेतलेली नाही. ज्या आल्टेअर संगणकासाठी ती लिहिली त्याच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती खरेदी केली, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. लेखकाच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, हे आम्हा साहित्यप्रेमींना कोणी शिकवावयास नको.

पहिली कुलपे अगदी साधी, किंबहुना आज पाहता गमतीची वाटणारी होती. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये खेळ साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर विकले जात आणि दोन कॅसेटी लागणारे यंत्र ज्याच्या घरी असे त्याला त्यांची नक्कल करणे हा हातचा मळ होता. त्यावर उपाय म्हणून ‘लेन्सलॉक’ नावाचे प्लॅस्टिकचे एक छोटे भिंग निघाले. ‘एलीट’ या विख्यात अवकाशखेळाच्या स्पेक्ट्रम संगणकावरील १९८५ च्या आवृत्तीबरोबर ते दिले जाई. पडद्यावर फुटकी-तुटकी अक्षरे उमटत. भिंग पडद्यास लावून पाहिले म्हणजे ती जुळत आणि वाचून टंकित करता येत. परंतु दूरदर्शन-संच फार मोठा किंवा फार लहान असला की अक्षरे जुळतच नसत. काही प्रतींबरोबर तर भलत्याच खेळाचे भिंग गेले, आणि पैसे मोजून घरी आणलेला खेळ उघडेना. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या खेळात कागदी चक्र होते. एकावर एक बसविलेल्या दोन गोल तबकड्या फिरवून समुद्री चाच्याच्या चेहऱ्याचे वरचे व खालचे अर्ध पडद्यावरील चित्राप्रमाणे जुळवावयाचे आणि खिडकीत दिसणारे साल संगणकास सांगावयाचे, अशी ती युक्ती. आणखी कित्येक खेळ माहितीपुस्तिकेतील अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्द विचारीत.

या सर्व युक्त्यांचा जाच होई, यात शंका नाही. चक्र हरवले की खेळ गेला. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कुलूप त्रासदायक असले तरी त्याची किल्ली खोक्यातच होती. ती ग्राहकाच्या घरी येई, त्याच्या ताब्यात राही. विक्रेत्याचे दुकान बुडाले तरी तिला धक्का लागत नसे. आजही कोणापाशी ते चक्र आणि ते जुने यंत्र असेल तर खेळ उघडतो. पुढील साऱ्या इतिहासात ही किल्ली ग्राहकाच्या हातून हळूहळू कशी निसटत गेली, हेच पाहावयाचे आहे.

दुसरा टप्पा सीडीचा. खेळ सीडीवर येऊ लागले आणि सीडीच्या नकला काढणारी यंत्रेही घरोघर झाली, तेव्हा कुलूप खोक्यातून निघून संगणकाच्या अंतर्भागात शिरले. ‘सेफडिस्क’, ‘सेक्युरॉम’, ‘स्टारफोर्स’ ही त्यांची नावे. खेळ सुरू करताना मूळ सीडी यंत्रात आहे की नाही, हे ती तपासत. त्यासाठी त्यांपैकी काही ज्या पातळीवर संगणकाची मूळ व्यवस्था चालते त्या पातळीवर जाऊन ठाण मांडीत. पेटीला कुलूप लावण्यासाठी आलेल्या माणसाने घराच्या दाराची किल्लीही खिशात घालावी, त्यातलाच हा प्रकार. स्टारफोर्समुळे आपला संगणक अडखळतो, सीडी-यंत्र बिघडते, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की युबिसॉफ्ट या मोठ्या प्रकाशन-संस्थेने २००६ साली त्याचा वापर सोडून दिला. त्याआधी २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीच्या संगीताच्या सीडीही अशाच प्रकारे संगणकात लपून बसणारी संहिता घुसवीत असल्याचे उघडकीस आले होते आणि त्या सीडी कंपनीस बाजारातून परत घ्याव्या लागल्या होत्या.

या अंतर्भागी कुलपांचे दुष्परिणाम पुढे दहा वर्षांनी आणखी एका वाटेने प्रत्ययास आले. जुनी कुलूप-संहिता संगणकाच्या सुरक्षिततेस घातक आहे, असे ठरवून मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मध्ये सेफडिस्कला थारा दिला नाही आणि त्याच वर्षी आधीच्या आवृत्त्यांतही ती बंद केली. परिणाम असा झाला की, रीतसर विकत घेतलेल्या, एकही ओरखडा नसलेल्या शेकडो जुन्या खेळांच्या मूळ सीडी नव्या संगणकांवर चालेनाशा झाल्या. कुलूप मोडलेल्या चोरीच्या प्रतींना मात्र काही झाले नाही, कारण त्यांत ते कुलूपच नव्हते.

तिसऱ्या टप्प्यात किल्ली ग्राहकाच्या घरातून साफ निघून गेली. या टप्प्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘स्पोर’. विल राइट या नामवंत रचनाकाराचा, एकपेशीय जीवापासून अवकाशातील संस्कृतीपर्यंतचा उत्क्रांतीचा प्रवास दाखविणारा हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केला. लोक कित्येक वर्षे त्याची वाट पाहत होते. दर दहा दिवसांनी खेळाने इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घ्यावी, अशी आधीची योजना होती; ती विरोधामुळे प्रकाशनापूर्वीच सोडून देण्यात आली. परंतु एक प्रत फक्त तीन वेळा यंत्रावर सुरू करता येईल, ही अट राहिली. संगणक बदलला, त्यातील भाग बदलले, सारे पुसून नव्याने मांडले, तरी त्या तिनांतील एक संधी खर्ची पडावयाची. तीन संपल्या की दूरध्वनी करून कंपनीची विनवणी करावयाची. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, आमच्या शाळेवर जो प्रसंग आला त्याचीच ही थोरली आवृत्ती होय.

यावर ग्राहकांनी जे केले ते विलक्षण होते. ॲमेझॉनच्या दुकानात खरेदीदारांनी वस्तूविषयी अभिप्राय देण्याची सोय असते. तेथे थोड्याच दिवसांत दोन हजारांहून अधिक लोकांनी ‘स्पोर’ला पाचांपैकी एकच तारा दिला. पुष्कळांनी लिहिले की, खेळाविषयी आमचे काही म्हणणे नाही. आम्ही पैसे दिले ते काय वस्तू भाड्याने आणण्यासाठी, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे. कंपनीविरुद्ध न्यायालयात फिर्याद दाखल झाली. त्याच महिन्यात कंपनीने तीनची मर्यादा पाचवर नेली आणि पुढे जुन्या यंत्रावरील संधी मोकळी करून घेण्याचे साधनही दिले. ज्या चोरीस आळा घालण्यासाठी हा सारा खटाटोप केला तिचे काय झाले? कुलूप काढलेली प्रत तर खेळ दुकानात येण्याआधीच इंटरनेटवर पोहोचली होती. डिसेंबरपर्यंत अशा प्रती सुमारे १७ लाख वेळा उतरवून घेतल्या गेल्या आणि त्या वर्षी सर्वाधिक चोरला गेलेला खेळ म्हणून ‘स्पोर’चेच नाव प्रसिद्ध झाले.

त्यानंतर चौथी पायरी आली ती अखंड जोडणीची. २०१० च्या मार्चमध्ये युबिसॉफ्टने ‘ॲसॅसिन्स क्रीड २’ आणि पाणबुडीवरील ‘सायलेंट हंटर ५’ हे खेळ संगणकासाठी काढले. ते एकट्याने खेळावयाचे असूनही खेळत असताना इंटरनेटची जोडणी सतत हवी, अशी अट होती. जोडणी तुटली की खेळ जागच्या जागी थबके. पहिल्याच आठवड्यात कोणी कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला चढविला आणि पैसे भरलेले खेळाडू दाराबाहेर उभे राहिले. ही अट कंपनीने पुढे सोडून दिली आणि तसे २०१२ साली जाहीर केले. तोच अनुभव २०१३ च्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’ या नगररचनेच्या खेळाने दिला. प्रकाशनाच्या दिवशी सर्व्हरवर इतका भार आला की कित्येक दिवस खरेदीदारांना आपली नगरे वसविताच येईनात. खेळातील पुष्कळशी आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, म्हणून जोडणी आवश्यक आहे, असे निर्माते सांगत होते. पण एका हौशी माणसाने अल्पावधीतच जोडणीवाचून खेळ चालवून दाखविला आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, खुद्द निर्मात्यांनीच जोडणीविना खेळण्याची सोय दिली. ज्या गावी वीज आणि इंटरनेट दोन्ही लहरीवर येतात-जातात तेथील शिक्षकांना या अटीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे शेवटी काय होऊ शकते, हे २०२४ साली दिसले. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला होता. त्याचा बराच भाग एकट्याने खेळता येण्याजोगा होता, परंतु तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून जगभरातील खरेदीदारांपाशी असलेली सीडी ही केवळ एक चकचकीत तबकडी उरली. कॅलिफोर्नियात काही खरेदीदारांनी दावा लावला, तेव्हा त्यांना खेळाची मालकी नव्हे, केवळ वापराचा परवाना मिळाला होता, असा युक्तिवाद कंपनीच्या वतीने करण्यात आला. याच घटनेतून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. सर्व्हर कायम चालवा असे तिचे म्हणणे नाही. बंद करताना खेळ चालू स्थितीत ग्राहकांच्या हाती सोडा, एवढीच तिची मागणी आहे. त्यासाठी युरोपीय संघाकडे केलेल्या नागरिकांच्या विनंतिअर्जास २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या.

आता दुसरी बाजू. कुलपे मुळीच उपयोगी पडत नाहीत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २०१४ पासून ‘डेनुवो’ नावाचे अधिक बळकट कुलूप प्रचारात आहे. अमेरिकेतील एका अभ्यासकाने हे कुलूप असलेल्या ८६ खेळांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. खेळ आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुलूप फुटले तर उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट होते, असे त्यात आढळले. म्हणजे प्रकाशकांची भीती निराधार नाही. परंतु त्याच अभ्यासाचे उत्तरार्धातील निष्कर्ष आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. सहा आठवड्यांनंतर कुलूप फुटल्यास ही घट पाच टक्क्यांच्या आसपास येते आणि बारा आठवड्यांनंतर जवळजवळ शून्य होते. तेव्हा कुलपाचे जे काही काम असते ते पहिल्या तीन महिन्यांचे. त्यानंतर ते ठेवण्यात प्रकाशकाचा लाभ नाही आणि ग्राहकाचा जाच मात्र आहे. काही प्रकाशक काही महिन्यांनी डेनुवो आपणहून काढून टाकतात, त्यामागील व्यवहारही हाच असावा.

कुलपाचा भार कोणावर पडतो, हाही विचार केला पाहिजे. चोरीची प्रत वापरणाऱ्याला कुलूप कधी भेटतच नाही. ते दुसऱ्या कोणी आधीच काढलेले असते. तीन वेळांची मर्यादा, तुटणारी जोडणी, दूरध्वनीवरील विनवणी हे सारे ज्याने पैसे मोजले त्याच्याच वाट्यास येते. जुलै २००८ मध्ये तर असे घडले की, ‘रेनबो सिक्स : व्हेगास २’ हा खेळ इंटरनेटवरून रीतसर विकत घेतलेल्यांना एका सुधारणेनंतर तो चालेनासा झाला, कारण सुधारित खेळ त्यांच्यापाशी मुळातच नसलेली सीडी मागू लागला. युबिसॉफ्टच्या साहाय्यविभागाने त्यांना जो उपाय दिला तो तपासून पाहता खेळांची कुलपे फोडणाऱ्या एका टोळीनेच तयार केलेली संहिता निघाला. प्रामाणिक ग्राहकाची अडचण सोडविण्यासाठी प्रकाशकालाच चोराची किल्ली उसनी आणावी लागली, याहून या पद्धतीवर वेगळी टीका करण्याचे कारण उरत नाही.

याहून निराळा मार्ग आहे काय? पोलंडमधील एक उदाहरण आमच्यासारख्या प्रादेशिक भाषेच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १९९० नंतरच्या काळात तेथे चोरीच्या प्रती उघड बाजारात विकल्या जात. सीडी प्रोजेक्ट या तेथील संस्थेने १९९९ मध्ये ‘बॉल्डर्स गेट’ हा मोठा इंग्रजी खेळ पोलिश भाषेत आणला. संवाद पोलिश नटांकडून बोलवून घेतले आणि खोक्यात नकाशा व इतर साहित्य घातले. प्रत स्वस्त नव्हती. तरीही लोकांनी ती आनंदाने विकत घेतली, कारण बाजारातल्या चोरीच्या प्रतीत आपली भाषा आणि तो नकाशा मिळत नव्हता. याच संस्थेने २००८ मध्ये जुने खेळ कुलूप न लावता विकण्याचे दुकान इंटरनेटवर उघडले. ते आजही चालू आहे. ‘स्टीम’ हे मोठे दुकान चालविणारे गेब न्यूएल यांनीही २०११ साली असेच मत मांडले होते, की चोरी हा बहुधा किमतीचा नसून सेवेचा प्रश्न असतो. चोरापेक्षा चांगली सेवा दिली तर गिऱ्हाईक आपल्याकडेच येते. ग्राहकाला चोर समजून कुलूप घालणे आणि ग्राहकाला रसिक समजून त्याची बूज राखणे, असे हे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गानेही धंदा होतो, हे सिद्ध झाले आहे.

कायद्याची भूमिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या प्रतिलिपी-हक्क कायद्यात, संगणक-संहितेची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती हरवली अथवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून राखीव नक्कल करण्याची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात ६५ अ हे कलम आले. त्यानुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. म्हणजे आपल्या कायद्याने कुलूप मोडणाऱ्याच्या हेतूकडे पाहिले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप मोडणेच मुळात निषिद्ध आहे; मात्र काही वर्षांच्या अंतराने अपवाद घालून दिले जातात आणि २०१५ साली सर्व्हर बंद पडलेल्या काही खेळांसाठी असा अपवाद करण्यात आला. भाषेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे तो कॅलिफोर्निया राज्याचा २०२४ चा कायदा, १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला. जी अंकीय वस्तू विक्रेता पुढे काढून घेऊ शकतो ती देताना, हा केवळ परवाना आहे असे स्पष्ट सांगितल्याशिवाय, ‘खरेदी’ हा शब्दच वापरावयाचा नाही, असा तो कायदा सांगतो.

येथे आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी माणसाने व्यवहाराचे प्रकार फार बारकाईने वेगळे केले आहेत. वस्तू विकत घेतात, घर भाड्याने घेतात, शेत खंडाने करतात, नाका मक्त्याने घेतात, दागिना गहाण ठेवतात, शेजाऱ्याकडून साखर उसनी आणतात आणि मित्राचे पुस्तक वाचावयास नेतात. या प्रत्येक शब्दात वस्तू कोणाची, किती दिवसांची आणि परत करावयाची की नाही, हे ठरलेले आहे. विकत घेतलेली वस्तू आपली. ती आपण दुसऱ्यास देऊ, विकू, मुलांसाठी ठेवू. खेळांच्या बाजारात हे शब्द एकमेकांत मिसळले आहेत. पैसे घेताना ‘विकत’ म्हणावयाचे, वस्तू भाड्याची द्यावयाची आणि भाड्याची मुदत मात्र सांगावयाची नाही, असा हा व्यवहार आहे. भाड्याने देणे यात काही गैर नाही. तो प्रामाणिक धंदा आहे. पण भाड्याला भाडे म्हणावे आणि मुदत आधी सांगावी.

हा प्रश्न खेळापुरताच असता तर आम्ही येथे लेखणी उचलली नसती. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांना न विचारता दुरूनच पुसून टाकल्या. त्या आवृत्तीच्या विक्रेत्यापाशी हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत देण्यात आले. तरी अभ्यासासाठी ते पुस्तक वाचणाऱ्या एका शाळकरी विद्यार्थ्याची टिपणे मूळ मजकुरावाचून निरुपयोगी झाली. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. २०१९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली सर्वच पुस्तके नाहीशी झाली. पैसे मात्र परत मिळाले. आमच्या गावच्या वाचनालयात आजोबांच्या सहीची पुस्तके नातवंडे वाचतात. दुकान बंद झाले म्हणून पुस्तक कपाटातून उठून गेले, असे तेथे कधी घडले नाही.

जतनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत, असे तेथील एका संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. जे जुने खेळ आज संग्राहकांपाशी चालू स्थितीत आहेत त्यांतील कित्येक कुलूप मोडलेल्या प्रतींमुळेच वाचले. जे वाङ्मय पोथ्यांच्या नकलांवर टिकले त्याच्या वारसांना हे सहज पटेल. नक्कल करणाऱ्यांनी नकला केल्या नसत्या तर जुन्या मराठीतील किती ग्रंथ आपल्या हाती पडले असते?

त्या मुलाला आम्ही आज काय सांगू? ती प्रत घेऊ नये, हे आमचे मत कायम आहे. ज्याच्या श्रमाने खेळ झाला त्याला न विचारता दुसऱ्याने वाटलेली ती वस्तू होती. परंतु त्याचा प्रश्नही बरोबर होता, हे आम्ही त्याला त्याच वेळी सांगावयास हवे होते. आपण पैसे दिले होते आणि आपल्याला पुरते दिले गेले नव्हते. चोरी न करणे हा आपला धर्म. आणि घेतलेल्या मोलाची वस्तू देणे, किंवा ती भाड्याची असल्यास तसे आधी सांगणे, हा विकणाऱ्याचा. एकाने आपला धर्म मोडला म्हणून दुसऱ्याचा सुटत नाही, हे दोघांनाही लागू आहे.

आमच्या सभासदांपुढे शेवटी एक सूचना ठेवीत आहोत. आपल्या संस्था, आपले प्रकाशक आणि शाळा यापुढे मराठी पुस्तके व शैक्षणिक साधने अंकीय स्वरूपात काढतील आणि विकतही घेतील. घेताना तीन प्रश्न विचारावेत : यंत्र बदलल्यास ही वस्तू चालेल काय, इंटरनेटवाचून चालेल काय, आणि देणारी संस्था बंद पडल्यास काय होईल? उत्तरे लेखी घ्यावीत. काढताना याच तीन प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर छापावीत. मराठीचा वाचकवर्ग मोठा नाही; विकत घेऊन वाचणारा तर त्याहूनही थोडा. त्याच्यावर संशय घेऊन आपले भागावयाचे नाही. आमच्या कपाटातील त्या दहा सीडी आम्ही अजून टाकलेल्या नाहीत. नवी साधने खरेदी करण्याची वेळ आली म्हणजे त्यांतील एक आम्ही मेजावर काढून ठेवतो.